त्सिरीनं शिवलेलं शीड

त्या दिवशी नावेवर आम्ही पाच जण होतो. त्यांतले चौघे आजही आमच्या बेलो गावात भेटतात. कुणालाही गाठा आणि विचारा. सांगण्यात थोडाफार फरक पडेल, पण कुणी नाकारणार नाही.

शेवट मात्र फक्त मीच सांगू शकतो. शेवटी तिथं मी एकटा होतो.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात.

ही रात्री घडली नाही.

जानेवारीतला गुरुवार होता. सगळं पहाटे सुरू झालं आणि सूर्य मावळायच्या आत संपलं. मला जे दिसलं नाही, ते अंधारामुळे दिसलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

मी फेनु. 'माहासुआ' नावाच्या गोएलेतीवर खलाशी होतो. दोन डोलकाठ्यांची मालवाहू नाव, आमच्याच किनाऱ्यावर बांधलेली. तिचे तांडेल मानाम्पीकाका. माझी मोठी बहीण सुआझारा त्यांच्या मुलाला, त्सिरीला दिलेली.

त्सिरी आदल्या जूनमध्ये समुद्रात गेला.

मुरुंबे बंदराच्या पुढे मोठी लाट आली तेव्हा तो नाळेपुढच्या, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकातून बाहेर निघालेल्या दांड्यावर बसून पुढचं शीड लावत होता. लाट ओसरली. शीड होतं, दांडा होता. त्सिरी नव्हता.

आम्ही दोन दिवस शोधलं. समुद्रानं त्याला परत दिलं नाही.

तो निघाला तेव्हा ताईला नुकतेच दिवस गेले होते. तिनं त्याला सांगितलंही नव्हतं. फेरीवरून आला की सांगू, असं तिच्या मनात होतं.

आता इतकं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

*

ताईच्या कळा बुधवारी दुपारी सुरू झाल्या. गुरुवारी उजाडता उजाडता व्होलाआजी झोपडीबाहेर आली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि काकांसमोर उभी राहिली.

"पोर आडवं आहे. माझ्या हातात राहिलं नाही. मुरुन्दावाला न्या, मोठ्या दवाखान्यात."

"कधी?" काकांनी विचारलं.

"काल."

आमच्याकडं जानेवारी म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात मुरुन्दावाला रस्ता नसतो. नद्या तो गिळून बसतात. गावात मोटार लावलेली एकच होडी, आणि तिचं इंजिन महिनाभर वाळूत उघडं पडलेलं.

"माहासुआ काढू," काका म्हणाले.

दामी शेजारीच बसला होता. आमच्यातला तिसरा खलाशी. त्याचे पुढचे दात कधीच पडलेले, तोंड मात्र कधी बंद नसायचं.

"काका, वारा उत्तरेचा आहे. आणि जायचंय उत्तरेला."

"दिशा मला शिकवतोस?"

"नाही हो. वाऱ्याला शिकवता आल्या तर बघा म्हणतो."

पावसाळ्यात आमच्या गोएलेती खाडीत बांधलेल्या असतात. शिडं उतरवून घरात ठेवतात. शेजारपाजारचे सगळे धावले. दोन्ही मोठी शिडं उचलून नेली, काठ्यांना बांधायला घेतली.

"आणि पुढचं शीड?" मी विचारलं.

कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

पुढचं शीड लहान असतं, तिकोनी. पण समोरच्या वाऱ्यावर नाव चालवायची तर नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणाला तेच शीड नावेची नाळ ओढून फिरवतं. ते नसेल तर नाव वाऱ्यासमोर अडून बसते. हाकला, शिव्या द्या, हलत नाही.

माहासुआचं पुढचं शीड आम्ही त्सिरीच्या नावानं पुरलं होतं.

आमच्या कुळाची ती रीत आहे. समुद्रानं माणूस परत दिला नाही, तर त्याच्या हातानं शेवटचं धरलेलं शीड पेटीत घालायचं आणि नाव घेऊन पुरायचं. एक शीड, एक नाव. मग तो माणूस घरी आला असं समजायचं. नाही पुरलं, तर तो येत नाही. जातही नाही.

आमच्या मापाचं शीड दुसऱ्या एकाच गोएलेतीला होतं; दामी ते मागायला पळाला आणि तसाच परत आला. उंदरांनी खाल्लं होतं.

आतून ताईचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. ओरडून ओरडून संपल्यावर उरतो, तसा आवाज.

काका उठले. घरात गेले.

पेटारा सरकवल्याचा आवाज आला...

बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक वळकटी होती. पांढरं जाड कापड. शिवणीला निळा दोरा.

निळा दोरा फक्त त्सिरी वापरायचा.

काकू चुलीपाशी होती. तिनं बघितलं. हातातलं भांडं तिनं फार सावकाश खाली ठेवलं.

"हे तर पुरलं आपण."

"तांदळाच्या पोत्यांचं जुनं शीड पुरलं," काका म्हणाले. "पेटी मी एकट्यानं बंद केली होती."

"पोराच्या जागी पोती पुरलीत तुम्ही?"

"त्याच्या हातचं एवढंच राहिलं होतं. मातीत घालवेना मला."

काकूनं भांडं पुन्हा उचललं आणि चुलीवर ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दामी दोन पावलं मागं सरकला. "फादी आहे हे, काका. मेलेल्याचं आहे, त्याला हात लावायचा नसतो. मी नाही लावणार."

व्होलाआजी दारातून म्हणाली, "नको लावूस. ये इकडं, तिच्या जागी तू झोप. मी शीड लावते."

"आजी, मस्करीची वेळ आहे का ही?"

"मग कशाची आहे? ती मरायला टेकलीय तिथं."

तेवढ्यात ताईनं आतून विचारलं, "कुठलं शीड?"

काकांनी खांद्यावरची वळकटी वर सरकवली.

"त्सिरीचं?"

"हो, ताई," मी म्हणालो.

"मग थांबलात कशाला?"

*

ताईला होडीतून खाडीत उभ्या माहासुआकडे नेलं. टेकायला काही नव्हतं म्हणून शिडाची वळकटीच तिच्या पाठीमागं ठेवली. मी वल्हवत होतो. ती कुशीवर वळली, कापडात तोंड खुपसलं आणि काहीतरी पुटपुटत राहिली.

"काय म्हणतेस?" मी विचारलं.

"तुला नाही."

नावेवर चढवताना तिनं मला सांगितलं. "त्याला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं."

मी मान हलवली. कळांमध्ये बायका काहीही बोलतात, असं मला वाटलं.

शीड लावायची आमची पद्धत अशी. एक जण दांड्यावर पाय टाकून बसतो, खाली पाणी. दुसरा नाळेत बसतो, घडी घातलेलं शीड मांडीवर घेऊन. शिडाच्या कडेला लोखंडी कड्या असतात. आतल्यानं एक एक कडी पुढं द्यायची आणि म्हणायचं, "दिली." बाहेरच्यानं ती ताणलेल्या दोराला अडकवायची, सुतळीनं बांधायची आणि म्हणायचं, "धरली." मध्ये कापडाचा ढीग असतो, एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून "धरली" ऐकू आल्याशिवाय आतला माणूस कापड सोडत नाही. बाहेरच्याचा जीव त्या शब्दावर असतो.

दामी शेवटी गेला दांड्यावर. शिव्या देत गेला, पण गेला. मी नाळेत बसलो.

"दिली."

"धरली. आणि पुढच्या खेपेला मला घरी राहू दे."

"दिली."

"धरली."

वारा हलका होता. पाणी नावेच्या अंगाला चाटत होतं. मागं ताई कण्हत होती.

मी पुढची कडी उचलली. अजून दिलीही नव्हती.

"धरली..."

"दाम्या, घाई नको करू. दिली नाही अजून."

"मी कुठं बोललो?"

मी थांबलो. दामी थट्टा करणाराच माणूस. पण हा आवाज जड होता. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा.

त्सिरी दातात सुतळी धरून बोलायचा. एक हात दोराला, एक हात कडीला, सुतळी दातात. त्यामुळं त्याचं "धरली" नेहमी अर्धंच बाहेर यायचं.

मी मान झटकली. कडी पुढं केली.

"दिली."

उत्तर आलं नाही.

"दाम्या? दिली."

"फेनु..." दामीचा आवाज बारीक झाला होता. "ही कडी लागलेली आहे."

"कुठली?"

"पुढची. आणि तिच्या पुढची पण."

मी मांडीकडं बघितलं. मघाशी छातीपर्यंत कापडाचा ढीग होता. आता गुडघ्यावर दोन घड्या उरल्या होत्या. बाकीचं कापड माझ्या हातांतून कधी सरकून गेलं, मला समजलं नव्हतं.

दामी दांड्यावरून मागं आला. बसूनच, सरपटत. त्याच्या हातात सुतळीचं तोडलेलं टोक होतं.

"हे बघ."

ओलं होतं. टोक चावून तोडलेलं.

"मी सुरीनं कापतो," दामी म्हणाला. "मला दात आहेत का तोडायला?"

एरवी यावर आम्ही हसलो असतो.

मागून काकांनी हाक दिली. "झालं का रे?"

दामीनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

"झालं," मी म्हणालो.

"मग खेचा वर."

*

खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो आणि उत्तरेचा वारा तोंडावर आला. काका सुकाणूवर. दामी मोठ्या शिडांवर. व्होलाआजी ताईचं डोकं मांडीवर घेऊन डोलकाठीच्या बुडाशी. पुढच्या शिडाचा दोर माझ्याकडं.

वळताना काम ठरलेलं असतं. तांडेल ओरडतो, मी एका बाजूचा दोर सोडतो, धावत दुसऱ्या बाजूला जातो आणि तिकडचा खेचून बांधतो. जोरकस काम आहे. तळहाताची साल निघते.

पहिल्या वळणाला काका ओरडले. मी दोर सोडला, पलीकडं धावलो.

दोर बांधलेला होता.

घट्ट. पाहिजे तेवढाच ताणलेला.

मला वाटलं दामीनं केलं. तो मागच्या काठीपाशी होता, दोन्ही हात कामात.

दुसऱ्या वळणाला मी मुद्दाम हळू गेलो.

बांधलेला.

तिसऱ्या वळणाला मी जागेवरून हललोच नाही. काका ओरडले, नाळ फिरली, शीड फडफडलं... आणि फडफड एकदम थांबली. कुणीतरी दोर आवळल्यावर थांबते तशी.

"कोण आहे पुढं?" व्होलाआजीनं विचारलं.

"कुणी नाही, आजी."

"मग काम कोण करतंय?"

मी माझे मोकळे हात तिला दाखवले. तिनं लांबाचं, अंगाभोवती गुंडाळलेल्या कापडाचं टोक डोक्यावरून ओढून घेतलं आणि पुन्हा पुढं बघितलं नाही.

दुपारी वारा पडला.

पूर्ण पडला. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. दोन्ही मोठी शिडं काठ्यांवर लोंबत राहिली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. उन्हानं डेकवरचं डांबर मऊ झालं. ताईचं कण्हणं थांबलं होतं. आजी तिच्या गालावर हळू हळू थापट्या मारत होती. "जागी राहा. ए पोरी. जागी राहा. नवऱ्याला शिव्या दे हवं तर, पण जागी राहा."

"आता?" दामीनं काकांना विचारलं. "वल्ही मारायची?"

काकांनी हनुवटीनं पुढं दाखवलं.

पुढचं शीड भरलेलं होतं.

वाऱ्याची झुळूक नव्हती. माझ्या कपाळावरचा घाम वाळत नव्हता. आणि ते एकच शीड पोट फुगवून उभं होतं. निळ्या शिवणी ताणलेल्या. नाळेखाली पाणी कापल्याचा आवाज येत होता...

नाव चालत होती. सरळ उत्तरेला.

दामी खाली बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. संध्याकाळपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. दामीला ओळखणाऱ्यांना यावरच जास्त विश्वास बसत नाही.

मी मागं काकांकडं गेलो. मला कुणाच्या तरी जवळ उभं राहायचं होतं. त्यांचा एक हात सुकाणूवर होता, पण सुकाणू ते फिरवत नव्हते. नुसता टेकवला होता. ते शिडाकडं बघत बोलत होते. घरात पोराशी बोलावं तसं, हळू.

"...चुकलं माझं. ओरडू नकोस. आधी हिला पोचव. पोर तुझं आहे, ऐकलंस ना? आधी ही दोघं. मग तुझं माझं बघू."

मी जवळ आहे हे कळल्यावर ते गप्प झाले.

"कुणाशी बोलताय, काका?"

"पुढं जा. दोर बघ."

"दोराला माझी गरज नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते. "माहीत आहे," ते म्हणाले.

समोरच्या वाऱ्यावर बेलोहून मुरुन्दावा दीड दिवसाची वाट आहे. आणि वारा नसेल तर वाटच नाही.

आम्ही सूर्य बुडायच्या बऱ्याच आधी पोचलो.

*

मुरुन्दावाच्या खाडीच्या मुखाशी आम्ही नांगर टाकला. काठावरून होड्या आल्या. ताईला चटईसकट खाली उतरवलं. ती डोळे मिटून होती, पण तिची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होती. आजी तिच्याबरोबर गेली. दामी तर होडी टेकायच्या आत उडी मारून बसला.

"तू चल," तो मला म्हणाला. इतक्या तासांनी पहिला शब्द.

"शिडं उतरवून येतो."

"राहू दे शिडं. चल म्हणतो ना."

पण शिडं तशीच ठेवून नाव सोडत नाहीत. मी थांबलो. काका थांबले.

दोन्ही मोठी शिडं आम्ही खाली घेतली. पुढचं राहिलं. त्याचा वरचा दोर मी सैल सोडला, तशी कापडाची रास दांड्याच्या मुळाशी कोसळली. आता फक्त कड्या सोडायच्या होत्या.

मी दांड्याकडं निघालो.

"तू नाळेत बस," काका म्हणाले. "मी जातो बाहेर."

"तुम्ही? किती वर्षं झाली तुम्हाला दांड्यावर जाऊन?"

"दांडा मीच तासलाय. ओळखतो तो मला."

सत्तरीचा माणूस. पण थांबले नाहीत. दोराला धरून, एक एक पाय टाकत ते बाहेर गेले आणि कापडापलीकडं दिसेनासे झाले.

शीड उतरवताना शब्द उलटे असतात. बाहेरचा म्हणतो, "सोडली." आतला कापड ओढून घेतो आणि म्हणतो, "घेतली."

"सोडली."

"घेतली."

काकांचा आवाज. दमलेला, पण त्यांचाच.

"सोडली."

"घेतली."

उन्हं तिरपी झाली होती. काठावर बायका मासे निवडत होत्या, त्यांचं हसणं पाण्यावरून येत होतं. कुठल्यातरी घरात गाणं चालू होतं. जगात काही बिघडलंय असं वाटायला जागा नव्हती.

"सोडली."

"घेतली."

पुढचं "सोडली" आलं नाही.

मी कान दिला. बाहेर बोलणं चालू होतं. हळू, दोन माणसं शेजारी बसून बोलतात तसं. एक आवाज काकांचा. दुसऱ्याचे शब्द कळत नव्हते.

दातात काहीतरी धरलं होतं त्यानं.

उठून बघावं असं वाटलं. उठवलं नाही.

काका हसले. स्पष्ट ऐकलं मी. जूननंतर पहिल्यांदा.

शेवटची कडी उरली होती.

"सोडली..."

तो काकांचा आवाज नव्हता.

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. काहीही झालं तरी आपण उत्तर द्यायचं नाही, एवढंच मला सुचत होतं.

"घेतली."

उत्तर आलं.

बाहेरून. काकांच्या आवाजात.

ते उत्तर आतल्यानं द्यायचं असतं. ते माझं होतं.

कापडाचं सगळं वजन एकदम माझ्या अंगावर आलं. मी ते बाजूला लोटलं आणि उभा राहिलो.

दांडा रिकामा होता.

त्याच्याखाली पाणी स्थिर होतं. एकही वलय नाही. पडल्याचा आवाज झाला नव्हता. इतक्या शांत पाण्यात सुरी पडली तरी ऐकू येते, आणि माणूस पडला तर काठावरच्या बायकाही वळून बघतात.

कुणी वळून बघितलं नाही. त्या मासे निवडत होत्या.

मी ओरडलो. होड्या आल्या, पोरं पाण्यात उतरली. तिथं पाणी पुरुषभर खोल होतं, तळ दिसत होता. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी शोधलं. मुखापासून पार बाहेरपर्यंत शोधलं.

काही नाही.

त्याच रात्री दवाखान्यात ताईचं पोट फाडून मूल काढलं. मुलगी. दोघी वाचल्या. डॉक्टरीण मला म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." आणि पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं.

*

ही झाली घडलेली गोष्ट. अजून संपलेली नाही. खरं तर म्हणूनच लिहितो आहे.

मी शीड घेऊन बेलोला परतलो. कुळातले सगळे मोठे जमले. शीड आता पुरलंच पाहिजे, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पेटी झाली. खड्डा कुठं घ्यायचा तेही ठरलं.

मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नाव कुणाचं घ्यायचं?"

तिथंच अडलं.

माणसं दोन आहेत. बापाचं अंग नाही, मुलाचं अंग नाही. आणि शेवटचं धरलेलं शीड दोघांचं एकच. रीत सांगते, एक शीड, एक नाव. कापून दोन करावं म्हणावं, तर कापलेलं शीड ही चिंधी असते, आणि चिंधी एकदा पुरून झालीच आहे.

"ज्यानं शेवटी धरलं, त्याचं," म्हातारा म्हणाला. "रीत तशीच आहे. शेवटी कुणी धरलं?"

सगळे माझ्याकडं वळले.

"मला दिसलं नाही," मी म्हणालो.

ते खरं आहे. मला दिसलं नाही.

ऐकू आलं.

एकानं सोडली. दुसऱ्यानं घेतली. शेवटी कापड कुणाच्या हातात गेलं ते मला माहीत आहे. मी तसं सांगितलं, तर काका घरी येतील, आणि पोती मिळालेला त्सिरी कायमचा पोत्यांवरच राहील. मी खोटं सांगितलं, तर काका बाहेर राहतील. आणि ज्यानं दिवसभर वाऱ्याशिवाय नाव ओढली, त्याच्या बाबतीत खोटं खपतं की नाही, मला माहीत नाही.

ताईनं मला एकट्याला गाठून सांगितलं, "त्सिरी म्हण. मुलीला बाप पाहिजे. घरचा." तिचं चूक नाही.

दामी म्हणतो, "मला विचारू नकोस. मी होडीतून गेलो होतो." त्याचंही चूक नाही.

पावसाळा संपला, दक्षिणेचा वारा सुरू झाला आहे. सगळ्या गोएलेती बाहेर पडल्या. माहासुआवर पाय ठेवायला कुणी तयार नाही. मी मिठागरावर काम करतो आता.

शीड काकूच्या घरात आहे. पेटी उघडी आहे. खड्डा दोनदा वाळूनं भरला, दोनदा उकरला.

नाव शेवटी काकूनं उच्चारायचं आहे, घरातली मोठी म्हणून. पण ते मी सांगायचं आहे, ऐकलेला मी एकटा म्हणून. रोज संध्याकाळी ती मला जेवायला बोलावते. मी नाही म्हणू शकत नाही.

तिनं आजवर मला एकदाही विचारलेलं नाही, नवरा की मुलगा.

भात वाढते. मासा वाढते. मग समोर बसते आणि माझं तोंड उघडायची वाट बघते.